नाव एक, अंकित वेगळे

वचन वाचताना आपले सारे लक्ष आशयाकडे असते. शेवटी येणारे अंकित आपण सवयीने उच्चारतो आणि पुढच्या वचनाकडे वळतो. पण ते वचन कोणाचे, ते कोणी अनुभवले आणि त्या बोलण्याचा भार कोणी उचलला, हे त्या अंकितावरूनच कळते. ‘कूडलसंगमदेव’ म्हटले की बसवण्णा, ‘गुहेश्वर’ म्हटले की अल्लमप्रभू, ‘कपिलसिद्धमल्लिकार्जुन’ म्हटले की आपल्या सोन्नलिगेचे, म्हणजे सोलापूरचे, सिद्धरामेश्वर. मराठी अभंगात नाममुद्रेचे जे स्थान, तेच वचनात अंकिताचे. फरक इतकाच की अभंगकार बहुधा स्वतःचे नाव घालतो आणि शरण बहुधा आपल्या आराध्याचे.

या वेळी एखाद्या वचनाचे विवरण करण्याऐवजी या अंकिताच्या आधाराने एका साध्या प्रश्नाचा विचार करावा असे मनात आहे. दोन लिहिणाऱ्यांचे नाव एकच किंवा जवळजवळ एकच असेल आणि दोघांचा विषयही एकच असेल, तर त्यांनी कसे वागावे? एकाची स्तुती दुसऱ्याच्या दारी गेली, एकाचा दोष दुसऱ्याच्या माथी बसला, तर काय करणे उचित? प्रश्न लहान वाटतो. मलाही तो लहानच वाटत होता. पण एका श्रावणात तो माझ्या हातात नारळ होऊन आला. ती हकीकत पुढे सांगतो. आधी शरणांकडे पाहू.

कल्याणमध्ये नामसाम्याची उणीव नव्हती. मारय्या कितीतरी होते. लाकडाच्या मोळ्या विकणारे मोळिगेय मारय्या, सांडलेले तांदूळ वेचणारे आयदक्की मारय्या, शिवाय अरिविन मारय्या. चौडय्या दोन प्रसिद्ध आहेत: नावाडी असलेले अंबिगर चौडय्या आणि सोंगे घेऊन लोकांना रिझविणारे बहुरूपी चौडय्या. महादेवीही दोन: आपल्या सर्वांच्या अक्का महादेवी आणि मोळिगेय मारय्यांच्या पत्नी महादेवी. आयदक्की मारय्यांच्या पत्नी लक्कम्मा, तर कोंडे मंचण्णांच्या पत्नी लक्ष्मम्मा. लक्कम्मा हे लक्ष्मम्माचेच बोलीतले रूप, म्हणजे तेथेही नाव एकच.

लोकांनी या सर्वांना वेगळे कसे ओळखले? घराण्यावरून नव्हे, गावच्या वतनावरूनही नव्हे. बहुतेक वेळा ओळखले ते त्यांच्या कायकावरून. मोळी वाहणारा तो मोळिगेय, तांदूळ वेचणारा तो आयदक्की, नाव चालविणारा तो अंबिगर. नाव आईबापांनी ठेवलेले असते, त्यात माणसाचे कर्तृत्व काही नसते. त्याच्या पुढे जो शब्द लागतो तो मात्र रोजच्या श्रमातून मिळालेला असतो. परंपरा सांगते की मोळिगेय मारय्या पूर्वी काश्मीरचे राजे होते. पण त्यांच्या नावाआधी राज्य लागले नाही, मोळी लागली.

आता अंकिते पाहा. मल्लिकार्जुन हे श्रीशैलाचे दैवत किती जणांच्या अंकितात आहे! अक्का महादेवींचे ‘चेन्नमल्लिकार्जुन’, सिद्धरामेश्वरांचे ‘कपिलसिद्धमल्लिकार्जुन’, मोळिगेय मारय्यांचे ‘निःकळंक मल्लिकार्जुन’, डोहर कक्कय्यांचे ‘अभिनव मल्लिकार्जुन’. देव एकच आणि तो कोणा एकाच्या मालकीचा नाही. म्हणून एकाने घेतला तर दुसऱ्याने सोडला नाही. परंतु दुसऱ्याने तोच शब्द जसाच्या तसा उचललाही नाही. प्रत्येकाने एक विशेषण जोडले आणि आपली वाट वेगळी दाखवून दिली. चन्नबसवण्णांनी मामांच्या अंकितात ‘चन्न’ एवढाच शब्द घालून ‘कूडलचन्नसंगमदेव’ केले. स्वतःच्या नावात आणि बसवण्णांच्या नावात जेवढे अंतर, तेवढेच त्यांनी अंकितातही ठेवले.

मोळिगेय महादेवींचे अंकित तर मला फार विचार करायला लावते. ‘एन्नय्यप्रिय इम्मडि निःकळंक मल्लिकार्जुन.’ पतीच्या अंकिताला त्यांनी ‘इम्मडि’ हा शब्द जोडला. इम्मडि म्हणजे दुप्पट किंवा दुसरा. चालुक्यांच्या दुसऱ्या पुलकेशीला कन्नडमध्ये इम्मडि पुलकेशी म्हणतात, तो हाच शब्द. आधी एक अंकित आहे आणि माझे त्याच्यामागून आले आहे, हे त्या माउलीने आपल्या प्रत्येक वचनाच्या शेवटी मान्य केले. त्याच वेळी हे माझे आहे, त्यांचे नव्हे, हेही सांगितले. देवर दासिमय्यांच्या पत्नी दुग्गळेंचे ‘दासय्यप्रिय रामनाथ’ आणि लक्कम्मांचे ‘मारय्यप्रिय अमरेश्वरलिंग’ (काही ठिकाणी ‘अमलेश्वरलिंग’ असाही पाठ आढळतो) यांचीही घडण अशीच आहे. जवळीक लपविली नाही आणि वेगळेपणही पुसले नाही.

अंकिताचे महत्त्व पुढे वचने शोधणाऱ्यांना चांगलेच कळले. विजापूरचे फ. गु. हळकट्टी (1880-1964) यांनी घरोघरच्या ताडपत्रांच्या पोथ्या गोळा करून 1923 मध्ये ‘वचनशास्त्रसार’ प्रसिद्ध केले. अशा पोथ्यांत कित्येक शतके पडून राहिलेले एखादे वचन कोणाचे, हे ठरविताना हाताशी मुख्य खूण असते ती अंकिताचीच. खूण पुसट झाली की वाद उभे राहतात. जेडर दासिमय्या आणि देवर दासिमय्या हे एकच की दोन, यावर अभ्यासकांत मतभेद झाले ते नामसाम्यामुळेच. मराठीतही असेच घडले आहे. नामदेवांच्या गाथेत पुढच्या काळातील विष्णुदास नामा यांची रचना मिसळली आणि कोणता अभंग कोणत्या नाम्याचा हे निवडताना अभ्यासकांना कष्ट पडले. दोघांनीही कोणाला फसविले नव्हते. पण दोघेही ‘नामा’ म्हणाले आणि मागच्या पिढ्यांना गुंता सोडवीत बसावे लागले.

आता माझी हकीकत.

मी सीमाभागातल्या एका तालुक्याच्या गावी शाळेत शिक्षक होतो. 1990 च्या सुमारास वचनांवर थोडेफार लिहू लागलो. मठांच्या मासिकांतून ते छापून येई. तीस-चाळीस मैलांवरच्या एका गावी सुताचे दुकान चालविणारे एक वृद्ध गृहस्थ माझ्या कितीतरी आधीपासून असेच लिहीत असत. त्यांना सारे अप्पा म्हणत, मीही तेच म्हणतो. त्यांचे आणि माझे नाव एक, आडनाव एक, फक्त वडिलांच्या नावाचे अक्षर वेगळे. छापताना ते अक्षर कधी गळे, कधी बदले. मला त्याचे काही वाटत नसे. खरे सांगायचे तर बरेच वाटे, कारण त्यांचे नाव मोठे होते.

1994 च्या श्रावणात एका मठात प्रवचनमालेचा समारोप होता. प्रसादानंतर एक वयस्कर बाई पुढे आल्या. हातात नारळ, त्यावर खण. म्हणाल्या, “लक्कम्मांवरचा लेख तुम्ही लिव्हलासा न्हवं? त्यो वाचून घेतला मी पोराकडनं. जावंच्या वाटणीची चार गुंठं आमच्याकडं ऱ्हायली हुती. दिऊन टाकली बघा. लई हलकं वाटलं.” एवढे बोलून त्यांनी नारळ माझ्या हाती दिला आणि पायांवर डोके ठेवले.

तो लेख माझा नव्हता, अप्पांचा होता. लक्कम्मांवर मीही त्याच वर्षी एक लेख लिहिला होता, पण त्यात शब्दार्थ आणि पाठभेद होते, कोणाचे चार गुंठे परत जातील असे काही नव्हते. ‘बाई, तो मी नव्हे’ एवढेच म्हणायचे होते. आजूबाजूला पाच-पन्नास माणसे उभी होती, स्वामीजी पाहत होते. मी हात जोडले आणि गप्प राहिलो. खोटे एक अक्षर बोललो नाही. पण त्या क्षणी खरे न बोलणे हेच खोटे होते.

घरी येऊन नारळ देवघरापुढे ठेवला. पत्नीने विचारले, तेव्हा सगळे सांगितले. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “अहो, हा आपला नव्हे. ज्यांचा त्यांना देऊन या की.”

वाचकहो, लक्कम्मांची कथा आपल्याला पाठ आहे. मारय्या रोज बसवण्णांच्या महामनेच्या अंगणात सांडलेले तांदूळ वेचून आणीत आणि त्यावर घरचा दासोह चाले. एके दिवशी ते रोजच्यापेक्षा अधिक तांदूळ घेऊन आले. लक्कम्मांनी पदरातले माप ओळखले. एवढे आपल्याला लागत नाही, हा हाव धरून आणलेला जिन्नस आहे, जेथून आणला तेथे नेऊन टाका, असे त्यांनी पतीला बजावले आणि मारय्या परत गेले. या प्रसंगावर मी लेख लिहिला होता, पाठभेद दिले होते. आणि घरात पदरी पडलेले जादा तांदूळ ओळखले ते माझ्या पत्नीने, जिने तो लेख वाचलाही नव्हता.

या कथेतील एक बारकावा मला त्या रात्री प्रथमच जाणवला. मारय्यांनी चोरी केली नव्हती. तांदूळ सांडलेलेच होते, ते कोणीही वेचले असते. तरीही ते परत करावे लागले. न मागता, चुकून, दुसऱ्याच्या हातून सांडून आपल्या पदरी आलेली वस्तूही आपल्या कायकापेक्षा जास्त असेल तर ती आपली होत नाही. स्तुती ही अशीच सांडणारी वस्तू आहे. नाव सारखे असले की ती शेजारच्या अंगणात सहज सांडते.

पुढच्या रविवारी मी एस. टी. ने अप्पांच्या गावी गेलो. दुकानात ते एकटेच होते. मी नारळ पुढे ठेवला आणि घडले ते सांगितले. ते हसले. “मास्तर, कशाला एवढा त्रास घेतला? त्या बाईचं काम झालं, झालं की. नाव कुणाचं का असेना. बोल तर शरणांचे आहेत, आपण दोघं नुसते हमाल.”

त्यांच्या बोलण्याने मला हायसे वाटले. इतके हायसे वाटले की त्याचीच मला नंतर शंका आली.

निघण्यापूर्वी पाणी प्यायला आत गेलो, तेव्हा फळीवर पत्रांचा एक गठ्ठा दिसला. वरच्या कार्डावर माझ्या लेखाचे नाव होते. मी विचारले. अप्पा आधी टाळत होते, मग त्यांनी गठ्ठा खाली काढला. माझ्या लक्कम्मांवरच्या लेखात मी एक मोठी चूक केली होती. कोंडे मंचण्णांच्या पत्नी लक्ष्मम्मा यांचे ‘अगजेश्वरलिंग’ या अंकिताचे वचन मी आयदक्की लक्कम्मांचे म्हणून दिले होते. नावाच्या साम्याला भुलून अंकित नीट पाहिलेच नव्हते. जाणत्या वाचकांच्या ते लक्षात आले आणि त्यांनी रागावून पत्रे लिहिली. पण ती सारी अप्पांच्या पत्त्यावर गेली. ‘इतकी वर्षे वचने अभ्यासून ही वेळ यावी?’ असे एकाने लिहिले होते. अप्पांनी प्रत्येकाला पोस्टकार्डाने उत्तर दिले होते: चूक दाखविल्याबद्दल शरणु, यापुढे काळजी घेऊ. हा लेख माझा नाही, असे एकालाही कळविले नव्हते.

त्यांच्या वाट्याची स्तुती मी ठेवून घेतली होती आणि माझ्या वाट्याची निंदा ते महिनाभर निमूटपणे सोशीत होते.

मी खाली मान घालून बसलो. थोड्या वेळाने म्हणालो, “अप्पा, मला तरी कळवायचं होतं.” ते विचारात पडले. मग म्हणाले, “तेवढं माझं चुकलं. मी सोसलं ते ठीक, पण तुमची चूक तुमच्याकडं पोचलीच नाही. तुम्ही ती परत केली असती. आणि वाचणाऱ्यांच्या मनात ते वचन अजून चुकीच्या नावावरच आहे.”

या संवादावर मी आजपर्यंत विचार करीत आलो आहे. त्यातून मला जे समजले ते सांगतो.

पहिली शंका अशी येईल की शरणांनी तर अहंकार सोडायला सांगितले. वचनाचे श्रेय कोणाला, निंदा कोणाला, याचा हिशेब ठेवणे हाच अहंकार नव्हे काय? बसवण्णांनी आपले नाव न घालता संगमदेवाचे घातले ते यासाठीच ना? हा प्रश्न खरा आहे. परंतु त्याचे उत्तर विचारणारा कोण आहे यावर अवलंबून आहे. ‘नाव कुणाचं का असेना’ हे वाक्य अप्पांना शोभत होते, कारण त्यांची वस्तू गेली होती. तेच वाक्य नारळ हातात घेतलेल्या मी उच्चारले असते तर ती लबाडी झाली असती. ज्याचे गेले त्याने क्षमा करणे हा निरहंकार आहे. ज्याला मिळाले त्याने त्याच तत्त्वाचा आडोसा घेणे हा निरहंकार नव्हे, ती सोयीची सबब आहे. त्यांच्या बोलण्याने मला जे हायसे वाटले होते, ते या सबबीमुळे.

दुसरी गोष्ट. नाव किंवा अंकित केवळ श्रेयासाठी असते असे आपण समजतो, येथेच चूक होते. अंकित हा वचनाखालचा पत्ता आहे. कोणी विचारायला आले तर कोठे यावे, हे त्यावरून कळते. बसवण्णांनी संगमदेवाचे नाव घातले, तेव्हा श्रेय देवाकडे गेले हे खरे. पण त्याबरोबर आपण जे बोललो ते त्या देवाच्या साक्षीने बोललो, अशी जबाबदारीही आली. साक्षीला देव ठेवून कोणी सैल बोलत नाही.

या दृष्टीने अंबिगर चौडय्यांकडे पाहावे. बहुतेक शरणांनी आराध्याचे नाव अंकित म्हणून घेतले असता या नावाड्याने ‘अंबिगर चौडय्य’ हे स्वतःचेच नाव अंकितात घातले. काहींना ते गर्वाचे वाटेल. मला तसे वाटत नाही. चौडय्यांची वाणी अत्यंत कठोर आहे. ढोंगी भक्त, खोटे गुरू, कोणाचीच त्यांनी गय केली नाही. इतके कठोर बोलणाऱ्याने ते देवाच्या नावावर खपवू नये, ज्याला राग यायचा त्याला तो माझाच यावा, असा त्यात भाव असावा. शिवाय नुसते ‘चौडय्य’ म्हटले असते तर राग बहुरूपी चौडय्यांच्याही वाट्याला गेला असता. त्यांचे अंकित ‘रेकण्णप्रिय नागिनाथ’ आहे हे खरे, पण ऐकणारा सामान्य माणूस नावच लक्षात ठेवतो. ‘अंबिगर’ हा एक शब्द लागला आणि भार नेमका त्याच खांद्यावर राहिला. हा माझा अर्थ आहे. जाणकारांना वेगळा वाटल्यास त्यांनी जरूर सांगावे, मात्र माझ्याच पत्त्यावर.

तिसरी गोष्ट व्यवहाराची. दोघांची नावे सारखी असतील तर बदल कोणी करावा? येथे मला महादेवींचा ‘इम्मडि’ आठवतो. मागून आलेल्याने एक शब्द जोडावा. यात मागचा लहान ठरत नाही, फक्त आधीच्याची वाट अडत नाही. जगातही विवेकी माणसांनी असेच केलेले दिसते. इंग्लंडचे पुढे पंतप्रधान झालेले विन्स्टन चर्चिल तरुणपणी पुस्तके लिहू लागले, तेव्हा अमेरिकेत विन्स्टन चर्चिल याच नावाचे एक कादंबरीकार त्यांच्याआधी नाव मिळवून बसले होते. त्यांचा जन्म 1871 चा, इंग्रज चर्चिलांचा 1874 चा. दोघांच्या पुस्तकांत लोकांचा घोटाळा होऊ लागला. 1899 मध्ये इंग्रज चर्चिलांनी त्यांना पत्र लिहिले आणि यापुढे आपण आपल्या लेखनावर ‘विन्स्टन स्पेन्सर चर्चिल’ असे नाव घालू, असे कळविले. अमेरिकन लेखकाने उत्तर दिले की माझ्याजवळ आणखी एखादे नाव असते तर मीच ते जोडले असते. पुढच्या वर्षी बोस्टनमध्ये दोघांची भेटही झाली. आज तो कादंबरीकार फारसा कोणाला आठवत नाही आणि इंग्रज चर्चिल सर्वांना ठाऊक आहेत. म्हणजे ज्याने स्वतःहून एक शब्द जोडून घेतला त्याचे काही कमी झाले नाही. आधी पत्र लिहिले, त्यातच घोटाळ्याची अर्धी सोय झाली.

चौथी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. नामसाम्याच्या घोटाळ्यात लेखक दोनच असतात, पण फसतात ते वाचक. त्या बाईंना चार गुंठे सोडण्याचे बळ ज्याच्या लेखणीने दिले, त्याच्याऐवजी त्या माझ्या पायांवर वाकल्या. त्यांची श्रद्धा खरी होती, मी मात्र ती चुकीच्या जागी स्वीकारली. उद्या माझे काही हिणकस लिहिणे त्यांनी त्याच श्रद्धेने वाचले असते. वचन कोणाचे हे अचूक सांगणे ही शरणांची सेवा आहेच, त्याहून अधिक ती वाचणाऱ्याची सेवा आहे. अंकिताला समाज किती जपतो याचे उदाहरण आपल्यासमोर घडले आहे. 1990 च्या दशकात बसवण्णांच्या वचनांतील ‘कूडलसंगमदेव’ या अंकिताऐवजी ‘लिंगदेव’ हा शब्द घालून एक ग्रंथ निघाला. मोठा क्षोभ झाला. 1998 मध्ये कर्नाटक शासनाने त्यावर बंदी घातली आणि 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयातही ती कायम राहिली. बंदी असावी की नसावी हा विषय निराळा. पण एका शब्दासाठी लोक इतके कळवळले, कारण तो शब्द आठशे वर्षे त्या वाणीची ओळख होऊन राहिला आहे.

आज तर ही काळजी अधिक घ्यायला हवी. मोबाईलवर रोज सकाळी वचनांची भाषांतरे येतात. पुष्कळदा खालचे अंकित कापलेले असते आणि त्या जागी पाठविणाऱ्याचे नाव किंवा फोटो असतो. सिद्धरामेश्वरांचे वचन बसवण्णांच्या नावावर आणि मोळिगेय महादेवींचे अक्का महादेवींच्या नावावर फिरते. ‘भाव महत्त्वाचा’ असे म्हणून आपण ते पुढे पाठवितो. भाव महत्त्वाचा आहेच. पण ज्या माउलीने ‘इम्मडि’ म्हणून आपली जागा इतक्या नम्रपणे सांगितली, ती जागाही आपण काढून घ्यावी काय?

अप्पांच्या दुकानातून मी परत आलो आणि तीन कामे केली. पहिले, मासिकाला पत्र लिहून चूक माझी असल्याचे आणि ते वचन लक्ष्मम्मांचे असल्याचे छापवून घेतले. दुसरे, त्या मठात जाऊन बाईंचा ठावठिकाणा काढला आणि त्यांना खरे सांगितले. मला वाटले होते त्या रागावतील. त्या एवढेच म्हणाल्या, “मग त्यास्नी माझा शरणु सांगा.” तिसरे, त्या दिवसापासून प्रत्येक लेखाखाली नावापुढे ‘शिक्षक’ हा शब्द घालू लागलो. माझे कायक तेच होते. मागून आलेला मी होतो.

नारळ अप्पांनी ठेवून घेतला नाही, परतही केला नाही. तेथेच फोडला, अर्धा मला दिला आणि म्हणाले, “प्रसाद आहे, आता वाटून घ्यायला हरकत नाही.”

2003 मध्ये अप्पा लिंगैक्य झाले. त्यानंतर महिनाभर माझ्या घरी सांत्वनाची पत्रे येत राहिली. माझ्या पत्नीला उद्देशून, माझ्या निधनाबद्दल. ती वाचून आम्ही दोघे आधी हसलो. पण त्या पत्रांत एकेकाने अप्पांच्या लेखांमुळे आपले काय काय सुधारले ते लिहिले होते. भावाशी तुटलेले बोलणे पुन्हा सुरू झाले, दारू सुटली, सुनेला घरात मान मिळाला. वाचता वाचता हसू थांबले. ती पत्रे माझ्या नावाची होती, पत्ता माझा होता. पुन्हा एकदा अंगणात तांदूळ सांडले होते.

पत्नीने न सांगताच मी ती सारी बांधली आणि पुढच्या रविवारी अप्पांच्या मुलाकडे नेऊन दिली.